कठडा आधी बांधा, गोंदणाचं नंतर पाहू

भायखळा, मुंबई

मुंबईतल्या मराठी मंडळ्यांचे पाळकसाहेब आणि पास्टरेट कमिट्यांचे सर्व सभासद यांस,

सप्रेम सलाम.

हे पत्र खरं तर एकाच मंडळीला लिहायचं होतं, माझ्या स्वतःच्या. पण महिला मंडळाच्या निमित्ताने आणखी तीन-चार मंडळ्यांतल्या बायका भेटल्या, बोलणं झालं, आणि लक्षात आलं की घरोघरी मातीच्याच चुली. म्हणून उघडं पत्र. मंडळीचं नाव लिहीत नाही; ज्यांना कळायचं त्यांना कळेल.

माझी ओळख एवढीच की पालिकेच्या रुग्णालयात ३४ वर्षं नर्स होते आणि संडे स्कूलला त्याहून थोडी जास्त वर्षं शिकवते आहे. सेमिनरीचं तोंड पाहिलेलं नाही. पण पवित्र शास्त्र पहिल्या पानापासून शेवटच्या पानापर्यंत वाचते, लेवीय आणि गणना ह्या नियमांच्या नि याद्यांच्या पुस्तकांसकट, जिथे भल्याभल्यांची गाडी अडते.

गेल्या पावसाळ्यात एकाच महिन्यात तीन गोष्टी झाल्या. खासगी इस्पितळात नर्स असलेली एक मुलगी संडे स्कूलला शिकवायला तयार झाली. तिच्या मनगटावर बोटाच्या पेराएवढा क्रूस गोंदलेला आहे. कमिटीत कुणीतरी लेवीय १९:२८ काढलं, अंगावर गोंदून घेऊ नका, आणि तिला नकार गेला. वर हेही ऐकवलं की महिन्यातून दोन रविवार तू ड्यूटीवर असतेस, म्हणजे शब्बाथ, आठवड्याचा विसाव्याचा दिवस, मोडतेस. दुसरी गोष्ट, दशमांशाची, म्हणजे कमाईचा दहावा हिस्सा देण्याची, पाकिटं वाटली गेली आणि व्यासपीठावरून मलाखी ३:१० वाचून देवाला लुटणाऱ्यांची कानउघाडणी झाली. तिसरी गोष्ट कुणी जाहीर केली नाही. चर्च झाडणाऱ्या बाईंचा तीन महिन्यांचा पगार थकला होता. खजिनदार बदलले, बँकेतल्या सह्या बदलायच्या राहिल्या, मग सुट्ट्या आल्या. त्या बाई बिचाऱ्या दर शनिवारी येऊन बाकं पुसून जात होत्या.

पाळकसाहेब, लेवीय १९ उघडाच. ज्या ओवीवर बोट ठेवून त्या मुलीला परत पाठवलं, तिच्या बरोबर पंधरा ओव्या आधी, १३व्या ओवीत लिहिलंय की मजुराची मजुरी सकाळपर्यंत आपल्याजवळ ठेवून घेऊ नको. एक रात्र! अनुवाद नावाच्या मोशेच्या पुस्तकाचा २४वा अध्याय तर आणखी पुढे जातो: सूर्य मावळायच्या आत दे, कारण तो गरीब आहे आणि त्याचा जीव त्या पैशात अडकलेला आहे. एकच अध्याय, एकच पान. २८वी ओवी दिसली आणि १३वी दिसली नाही, ह्याला दृष्टिदोष म्हणायचं की आणखी काही?

हा अध्याय म्हणजे एखाद्या जुन्या घरातला फडताळाचा कप्पा आहे. शेताचे कोपरे कापू नका, पडलेली कणसं वेचू नका, ती गरिबाला आणि परक्याला राहू द्या. बहिऱ्याला शिव्या देऊ नका, आंधळ्यापुढे अडखळण ठेवू नका. १८व्या ओवीत शेजाऱ्यावर आपल्यासारखी प्रीती कर, ज्याला प्रभू येशूने दुसरी मोठी आज्ञा म्हटलं. लगेच १९व्या ओवीत दोन जातींच्या धाग्यांचं कापड घालू नको. २७व्या ओवीत दाढीच्या कडा छाटू नका. मग गोंदण. मग पिकल्या केसांपुढे उठून उभे राहा. मग परदेशी माणसाला तुमच्यातल्याच माणसासारखं वागवा, कारण मिसरात (इजिप्तमध्ये) तुम्हीही परदेशी होता. शेवटी खरं वजन, खरं माप. ज्या सभासदाने गोंदणाची ओवी वाचली त्यांची दाढी छान कोरलेली होती आणि अंगातला शर्ट टेरिकॉटचा असावा. (दोन धाग्यांची बंदी लोकर आणि ताग यांच्या मिश्रणाला आहे, हे अनुवाद २२ मध्ये स्पष्ट होतं, म्हणून शर्टाबद्दल त्यांना सोडून देते. दाढीबद्दल नाही.)

आणि गोंदणाच्या ओवीत पहिले शब्द काय आहेत? मेलेल्यांसाठी अंगावर वार करून घेऊ नका. आसपासच्या लोकांच्या सुतकाच्या चालीरीतींबद्दलचं ते बोलणं आहे. माझी आजी नगर जिल्ह्यातली. बाप्तिस्मा व्हायच्या आधीच तिच्या हातावर तुळशीवृंदावन आणि कपाळावर टिकली गोंदलेली. अमेरिकन मराठी मिशनच्या त्या काळातल्या मंडळीत ती साठ वर्षं त्याच हाताने प्रभुभोजन घेत आली. तिला कुणी हात धुऊन ये म्हटलं नाही. मग तिच्या पणतीच्या वयाच्या मुलीच्या मनगटावरचा क्रूस कुणाला टोचतो?

तुमचं उत्तर मला माहीत आहे, कारण मीच ते वर्षानुवर्षं मुलांना शिकवलं. मोशेच्या नियमशास्त्राचे तीन भाग: नैतिक, विधींचे, आणि इस्राएलाच्या राज्यकारभाराचे. पहिला कायमचा, दुसरा ख्रिस्तात संपला, तिसरा त्या राष्ट्राबरोबर गेला. प्रॉटेस्टंटांच्या १६४७च्या वेस्टमिन्स्टर विश्वासांगीकारात हे आहे, त्याच्या कितीतरी आधी थॉमस अक्वायनस ह्या धर्मपंडिताने मांडलेलं आहे. शिकवायला सोयीचं आहे, मी नाही म्हणत नाही. पण मोशेच्या पुस्तकांना ही विभागणी ठाऊक नाही. तिथे प्रीती, कापड, गोंदण आणि तराजू एकाच दमात येतात. प्रेषित पौल तर सरळ म्हणतो की सुंता करून घेणारा सगळं नियमशास्त्र पाळायला बांधलेला आहे. म्हणजे एक ओवी दुसऱ्याच्या गळ्यात घालायची तर बाकीच्यांचं ओझं आधी आपल्या खांद्यावर घ्यायला हवं.

तो सगळा आकडा मला पहिल्यांदा कळला तो नाइट ड्यूटीवर. माझ्या वॉर्डात एक बेने इस्रायल, म्हणजे कोकणातल्या ज्यू समाजातली, सिस्टर होती, माझ्याहून मोठी, बोलणं अगदी अलिबागकडचं. तिचे पूर्वज तेलघाण्यावर काम करायचे आणि शनिवारी घाणा बंद ठेवायचे, म्हणून कोकणात त्यांना शनवार तेली म्हणत. हिब्रूचा गंध नसलेल्या काळातही ह्या लोकांनी शब्बाथ सोडला नव्हता. मुंबईत आल्यावर १७९६ मध्ये त्यांनी मशीद बंदरला पहिलं सिनॅगॉग बांधलं. तिने सांगितलं, आज्ञा दहा नाहीत, ६१३ आहेत. २४८ करा म्हणणाऱ्या आणि ३६५ करू नका म्हणणाऱ्या. मी म्हटलं, बाई गं, आम्ही दहाच्या नावाने रडतो. ती हसली. म्हणाली, "अगं, पण त्या तुझ्यासाठी नाहीतच. आमच्या रब्बींच्या हिशोबाने तुम्हा लोकांना नोहाचे सातच नियम." पुढे असंही म्हणाली की जीव वाचवायचा असेल तर शब्बाथ मोडायचा असतो, नुसता चालतो असं नव्हे. त्या रात्री आम्ही दोघींनी मिळून एका बाईचं रक्त थांबवलं. वार शुक्रवार होता, म्हणजे सूर्य मावळल्यावर तिचा शब्बाथ लागलेला.

तिच्यामुळे मला प्रेषितांची कृत्ये १५ नव्याने दिसला. यरुशलेमेत पहिली मोठी सभा भरली ती ह्याच प्रश्नावर: परराष्ट्रीय, म्हणजे यहूदी नसलेल्या, विश्वासणाऱ्यांवर मोशेचं नियमशास्त्र लादायचं का? पेत्र उभा राहून म्हणाला, जे जू आपल्या पूर्वजांना आणि आपल्याला वाहवलं नाही ते शिष्यांच्या मानेवर कशाला ठेवता? आणि मग त्या वडील मंडळींनी काय केलं? पत्र लिहिलं. तेही उघडंच, मंडळीसमोर वाचून दाखवायचं. चार गोष्टी सांगितल्या: मूर्तीला वाहिलेलं, रक्त, गुदमरून मारलेलं, जारकर्म ह्यांपासून दूर राहा. ह्याहून जास्त ओझं नको.

गंमत अशी की खास आपल्यासारख्यांना लिहिलेल्या त्या चारांबद्दलही आपण फार कडक नाही. उपासनेहून घरी आल्यावर मटणाच्या जोडीला रक्ती (बकऱ्याचं रक्त) परतणारी घरं आपल्यात कमी नाहीत, आणि कमिटीने त्यावर कधी बैठक घेतल्याचं मला आठवत नाही. घेऊही नये. पौलाने स्वतः करिंथकरांना लिहिलं की बाजारात विकतं ते विचारपूस न करता खा.

मूर्तीला वाहिलेल्याचा प्रश्न मात्र आपल्या चाळींत दर भाद्रपदात दारात उभा राहायचा. नायगावच्या आमच्या चाळीत गणपतीत घराघरातून ताटं यायची. आई ताट घ्यायची, मोदक आम्ही खायचो, आणि त्याच ताटातून नाताळला करंज्या-चकल्या परत जायच्या. रिकामं ताट पाठवायचं नाही, ही तिची अकरावी आज्ञा. पण कुणी मुद्दाम "हा नैवेद्याचा आहे हं काकू" असं सांगून दिलं, तर ती ते मानाने घ्यायची आणि खालच्या मजल्यावरच्या आजींना नेऊन द्यायची. एका पाळकांनी तिला ह्यावरून टोकलं. बाबांनी काही न बोलता १ करिंथ १० काढून पुढे धरलं: कुणी जेवायला बोलावलं तर पुढे येईल ते खा, पण हे अर्पणाचं आहे असं कुणी सांगितलं, तर सांगणाऱ्याच्या विवेकासाठी खाऊ नका. सातवीपर्यंत शिकलेल्या माझ्या आईने हे कुणी न शिकवता बरोबर पाळलं होतं. तिच्यापुढे नियमाच्या आधी शेजारीण उभी असायची.

आता शब्बाथ. त्या मुलीला रविवारच्या ड्यूटीवरून बोलणाऱ्यांनी हे तरी सांगावं की शब्बाथ रविवारी कुठे लिहिलाय? चौथ्या आज्ञेतला सातवा दिवस शनिवार. (आमच्या समोरच्या वसईकर कॅथलिक बाईंच्या हिशोबाने ती तिसरी. त्यांच्या यादीत दुसरे देव नकोत आणि मूर्ती नको हे एक, आणि लोभाच्या आज्ञेचे दोन भाग. बायबलात दहा वचनं असं लिहिलंय, पण आकडे घातलेले नाहीत.) पहिल्या ख्रिस्ती लोकांनी आठवड्याचा पहिला दिवस धरला तो पुनरुत्थानाचा म्हणून, त्या दिवशी काम बंद हा सरकारी हुकूम सम्राट कॉन्स्टंटाइनने ३२१ साली काढला, आणि त्यातही शेतकऱ्यांना सूट दिली. शेत थांबत नाही हे बादशहाला कळलं. ऑक्सिजनवरचा पेशंट थांबत नाही हे आपल्या कमिटीला कळू नये?

दहा आज्ञा शास्त्रात दोनदा येतात आणि शब्बाथाचं कारण दोन्हीकडे वेगळं आहे. निर्गम २० म्हणतं, देवाने सहा दिवसांत सृष्टी केली आणि सातव्या दिवशी विसावा घेतला म्हणून. अनुवाद ५ म्हणतं, तू मिसरात दास होतास हे आठव, आणि तुझ्या दासाला, दासीला, बैलाला, गाढवालाही विसावा मिळू दे. पहिलं कारण आपल्याला पाठ असतं, दुसरं गिळलं जातं. मी मुलांना दुसरं आधी शिकवते. कारण ह्याच शहरात, भायखळा-परळच्या गिरण्यांत, माणसं आठवड्याचे सातही दिवस राबत होती. त्यांना रविवारची सुट्टी १८९० मध्ये मिळाली ती नारायण मेघाजी लोखंडे ह्यांच्या चळवळीने. लोखंडे ख्रिस्ती नव्हते, सत्यशोधक होते, जोतिरावांचे सहकारी. रविवार हा खंडोबाचाही वार. पण अनुवाद ५ मधली आज्ञा ह्या शहरात सगळ्यांत जास्त कुणी पाळली असं मुलांनी विचारलं, तर मी त्यांचंच नाव सांगते. ह्यावरून एकदा मला चिठ्ठी आली होती. चिठ्ठी जपून ठेवली आहे.

प्रभूने काय केलं ते तर तुम्हीच आम्हाला वाचून दाखवता. अठरा वर्षं वाकलेल्या बाईला त्याने सभास्थानात, शब्बाथाच्या दिवशी, सरळ केलं. सभास्थानाचा अधिकारी चिडून लोकांना म्हणाला, सहा दिवस आहेत ना कामाचे, तेव्हा या. प्रभू म्हणाला, बैल-गाढव गव्हाणीचं सोडून पाण्यावर नेता ना? मी ऑर्थोपेडिक वॉर्डात सहा वर्षं होते. वाकलेली कंबर म्हणजे काय असतं, अशा बाईला आकाश किती वर्षांत दिसलेलं नसतं, हे मला ठाऊक आहे. "सहा दिवस आहेत ना" हे वाक्यही मला ठाऊक आहे. ते मी कमिटीच्या तोंडून ऐकलंय.

दशमांशाबद्दल थोडक्यात, कारण पैशाचं बोललं की लोक हेतू शोधतात. मी देते, देत राहीन. पण मलाखी वाचताना अनुवाद १४ही वाचा. तिथे दशमांश आहे तो धान्याचा, द्राक्षरसाचा, तेलाचा. तो देणाऱ्याने कुटुंबासह देवासमोर बसून खायचा आहे, आनंद करायचा आहे. लांबचा पल्ला असेल तर विकून पैसे करा आणि तिथे गेल्यावर हवं ते घ्या, मद्यसुद्धा. (ही ओवी मी संडे स्कूलमध्ये पटकन उलटते, कबूल.) आणि दर तिसऱ्या वर्षीचा दशमांश गावातच ठेवायचा: मंदिरसेवा करणाऱ्या लेव्यासाठी, परक्यासाठी, पोरक्यासाठी, विधवेसाठी. अब्राहामाने मलकीसदेक ह्या याजकाला दिला तो लढाईच्या लुटीतला, त्या एका प्रसंगी. परराष्ट्रीय मंडळ्यांना पौलाने दहाव्या हिश्शाची सक्ती कुठे केलेली नाही. त्याने लिहिलं, ज्याने त्याने मनात ठरवल्याप्रमाणे द्यावं, कुरकुरत किंवा भाग पडलं म्हणून नव्हे. चर्च झाडणाऱ्या बाई विधवा आहेत. तुमच्या हिशोबाच्या वहीत हे तिसरं वर्ष कधी येतं, एवढंच विचारते.

मग नियमशास्त्र सोडूनच द्यायचं का? एकाने मला हे रागाने विचारलं, "म्हणजे सिस्टर, सगळं माफ?" नाही हो. दुसऱ्या शतकात मार्शियन नावाच्या माणसाने जुना करार काढूनच टाकला होता. रोमच्या मंडळीने त्याला बाहेर काढलं. प्रभूने स्वतः सांगितलं की मी रद्द करायला नाही, पूर्ण करायला आलो. आणि पूर्ण करणं म्हणजे हलकं करणं नव्हे. खून करू नको तिथे त्याने राग आणला, व्यभिचार करू नको तिथे नजर आणली. दहा आज्ञा पाळल्याचं सर्टिफिकेट घेऊन डोंगरावरच्या प्रवचनाला बसा, उठताना हात रिकामे.

गलतीकरांना लिहिताना पौल नियमशास्त्राला बालरक्षक म्हणतो. मूळ शब्द शिक्षकासाठी नाही, असं एका पाळकांनीच मला समजावलं होतं. तो घरातला दास असे, पोराला हाताला धरून शाळेत नेणारा-आणणारा, वाटेत उंडारू न देणारा. मला लगेच शाळेच्या बसमधली मावशी आठवली. पोरगा कॉलेजात गेल्यावर मावशी काही त्याचं मनगट धरत नाही, आणि तो अजून तिचा पदर धरून फिरला तर लोक हसतील. पण रस्ता ओलांडताना दोन्हीकडे बघ, हे तिने शिकवलेलं तो विसरला तर गाडीखाली जाईल. ख्रिस्ती माणूस नियमशास्त्राच्या हाताखाली नाही. ते कुणाला जपत होतं हे मात्र त्याने पाहायला हवं: मजुराला, विधवेला, परक्याला, दासीला, बैलाला. पौल म्हणतो की प्रीतीत सगळं नियमशास्त्र भरून येतं. ती प्रीती कुणाच्या दारात जाऊन करायची ह्याचे पत्ते त्या जुन्या पुस्तकांत लिहिलेले आहेत.

माझी सगळ्यांत आवडती आज्ञा ऐका. अनुवाद २२:८. नवं घर बांधशील तेव्हा गच्चीला कठडा बांध, नाहीतर कुणी वरून पडलं तर रक्तपाताचा दोष तुझ्या घराला लागेल. संपलं. ना धूप, ना बली, नुसता कठडा. त्या देशात सपाट धाब्यावर माणसं झोपायची, धान्य वाळवायची. आता ती विधींची म्हणायची, राज्यकारभाराची की नैतिक? पागोळ्यांच्या तुमच्या-आमच्या घरांना ती लागू नाही म्हणावं, तर मुंबईत गच्च्यांना काय तोटा. मी मुलांना विचारलं, आज कठडा म्हणजे काय? एकाने सांगितलं, उघडं गटार. एकीने सांगितलं, आमच्या बिल्डिंगची लिफ्ट. एक लहानगा म्हणाला, चर्चच्या गॅलरीचा जिना, तिथे अंधार असतो आणि तिसरी पायरी हलते. तो खरं बोलला. मागच्या ईस्टरला एक आजोबा तिथेच घसरले.

तेव्हा माझं मागणं असं. त्या मुलीला परत बोलवा, तिच्या ड्यूटीनुसार महिन्याचे दोन रविवार द्या. तिच्या जागी तिच्या वयाचं दुसरं कुणी यायला तयार नाही हे तुम्हालाही माहीत आहे. झाडणाऱ्या बाईंचे पैसे, बँकेतल्या सह्यांची वाट न बघता, कमिटीच्या सभासदांनी पदरचे घालून आधी द्या, मग आपसात फेडून घ्या. आणि एक वर्षभर, फक्त एक वर्ष, लेवीय १९ आणि अनुवाद २४ व्यासपीठावरून पूर्ण वाचा, एकही ओवी न गाळता. दाढीची ओवी आली की मी हसणार नाही, शब्द देते.

आपली,
संडे स्कूलची जुनी टीचर

ता. क. जिन्याच्या बल्बचा खर्च मंजूर व्हायचा राहिलाय असं कळलं. बल्ब मी आणून पेटीच्या बाजूच्या कपाटात ठेवला आहे. गुडघ्यांमुळे मला चढवत नाही. येत्या शनिवारी चारला कुणीतरी शिडी आणि स्क्रू-ड्रायव्हर घेऊन या. तिसरी पायरीही बघून टाकू.